चिंचेच्या पाण्यातलं इंजिन

आमटीत मी चिंच घालत नाही, आमसूल घालते. कुणी विचारलं तर पित्त होतं म्हणून सांगते. खरं कारण सांगायचं तर थोरल्या भावाच्या गाडीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढं ऐकून घ्यायला हल्ली कुणाला सवड असते?

दादाचं वारूळवाडीत रस्त्याला लागून ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, मागे घर. मी मंचरला असते, शाळेत विज्ञान शिकवायचे, आता घरीच. दादाची शाळा लवकर सुटली. त्याचं सगळं कानावर चालायचं. ट्रॅक्टर रस्त्यावरून आत वळायच्या आधी हा आतून ओरडायचा, "व्हॉल्व्ह वाजतोय राव, कुठनं वढत आणला?" लाकडी मुठीचा एक लांब डिसमिस होता त्याच्याकडे. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ गिऱ्हाईकानं चकार शब्द काढायचा नाही. एकदा एक पावणं मधेच मोबाईलवर बोलायला लागलं, तर दादानं त्याला डिसमिस दाखवून अंगणाबाहेर घालवलं. मी त्या गॅरेजात वाढले, त्यामुळे इंजिन बरं वाजतंय की आतून ठोकतंय एवढं मलाही कळतं. ते कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

आम्ही लहान असताना जुन्नरच्या एका वकिलांकडे परदेशी बनावटीची मोटार होती. कासवासारखी पाठ, इंजिन मागच्या बाजूला, आणि इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही, सगळं नुसत्या वाऱ्यावर थंड होणार. गावात तिला बेडकी म्हणायचे. शिलाई मशीन आणि फटफटी एकदम चालवल्यासारखा तिचा आवाज. ती दिसायच्या कितीतरी आधी दादाला ऐकू यायची. हातातलं खुरपं टाकून हा बांधावर जाऊन उभा राहायचा, आणि आमचे वडील मागून शिव्या घालायचे.

वकील गेले, मुलं पुण्याला गेली, आणि बेडकी आळे गावातल्या एका गोठ्यात जाऊन पडली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. दादा तोवर नावाजलेला मिस्त्री झाला होता. गोठ्याच्या मालकाचा ट्रॅक्टर त्यानं चालता करून दिला आणि बदल्यात गाडी ट्रॉलीला बांधून घरी आणली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, दारात उभी होती. तिनं गाडीकडे पाहिलं, कोंबड्यांच्या शिटेकडे पाहिलं आणि मला फोन लावला. "वन्सं, तुमच्या भावानं सवत आणलीया घरात. म्हातारी हाय, पण लई नखऱ्याची दिसती."

खरंच सवत झाली ती. वहिनीच्या माहेरची लग्नं या माणसानं बेडकीपायी बुडवली. सुट्टीचा दिवस आला की हा गाडीखाली. वहिनी दोन दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही आणि त्याला त्याचा पत्ताही नसायचा. तिनं त्या गाडीला कधी बोट लावलं नाही. जेवणाचं ताट न्यायची ते गॅरेजच्या उंबऱ्यावर ठेवून माघारी फिरायची.

एकदा मी गेले होते तेव्हा दादानं इंजिन पूर्ण खोललं होतं. त्याचं धड, ज्यात बाकी सगळं बसतं ती क्रँककेस, दोन फाकांची असते. वहिनी त्याला खोकं म्हणायची. दादानं एक फाक माझ्या पुढ्यात ठेवली. "उचल." मी कंबर सावरून जोर लावला, तर ते करडं धूड अलगद वर आलं. माझा तोल गेला आणि दादा खो खो हसला.

"ॲल्युमिनियम आहे का हे? एवढं हलकं?" मी विचारलं.

"ॲल्युमिनियमबी एवढं हलकं नसतं. थांब." वहिनीनं नुकतंच ताट आणलं होतं. त्यातली लिंबाची फोड उचलून त्यानं एक थेंब त्या धातूवर पिळला. थेंब फसफसला. पुसला तर करड्या धुडावर रुपयाएवढा लख्ख ठिपका. "ॲल्युमिनियमवर असा फेस येत न्हाई," दादा म्हणाला.

मॅग्नेशियम! मी वर्षानुवर्षं मुलांना त्याची फीत पेटवून दाखवली होती. डोळे दिपवणारा पांढरा उजेड, आणि मागच्या बाकावरून "बाई, परत, परत." त्या फितीचंच भावंड हे. थोडं ॲल्युमिनियम, चिमूटभर जस्त मिसळून ओतलेलं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लोंबतं, जड असलं तर गाडीचं बूड बसेल, म्हणून हा हलकेपणा. पण हलक्या धातूचे चोचले फार. मऊ असतो, तापला की लोखंडापेक्षा जास्त फुगतो, बोल्ट जरा जास्त आवळला तर आटेच उपटून हातात येतात, ओल लागली की पांढरी भुकटी धरतो. पाण्याची सोय नसल्यामुळे इंजिनाचा सगळा ताप या धडानं आणि त्यातल्या तेलानंच सोसायचा. दादा हे असं सांगत होता की जणू नांदून दमलेल्या लेकीबद्दल बोलतोय.

वहिनी पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली होती. तिची नजर त्या ठिपक्यावर. "अगं बाई, कसं लख्ख झालं! आणि तुमी इतकी वर्षं राकेलनं घासताय." आम्ही दोघंही हसलो. साधं बोलणं होतं, हसून विसरून गेलो.

मग दादाच्या कानाचं सुरू झालं. आधी फोनवर "आं? आं?" मग टीव्ही मोठा. मग एक दिवस ट्रॅक्टर दुरुस्त झाला म्हणून देऊन टाकला आणि गिऱ्हाईक तासाभरात परत आलं, आतली घरघर तशीच होती. दादाला ती ऐकूच आली नव्हती. त्यानं ट्रॅक्टर मुकाट्यानं पुन्हा खोलला, पण त्या दिवशी तो जेवला नाही. पुण्याच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. ते म्हणाले कानाची नस सुकत चालली आहे, आयुष्यभर इंजिनांशेजारी उभं राहिल्यावर असं होतं. मशीन लावा, पण मशीनलाही नस लागते. दोन्ही कान जाणार. दादानं विचारलं, "किती दिस?" डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही.

परत येताना खेडच्या पुढे गेल्यावर दादा इतकंच बोलला, "बेडकी चालू झाली पायजे. एकदा नीट ऐकतो, मग जाऊ दे काय जायचं ते."

मी वहिनीला हे सांगितलं आणि ती बदलली. ताट आत नेऊन ठेवायला लागली. समोर बसून त्याला खायला लावायची. सुट्टीच्या दिवशी चिडचिड बंद. दादानं त्या वर्षात जे काम केलं तसं मी त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. उपटलेल्या प्रत्येक आट्याच्या जागी पोलादी बुश, म्हणजे आतून आटे पाडलेली बारकी नळी, बसवला, एकेक, हातानं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरते त्या जागा एका रेषेत तासून घ्यायला दोन्ही फाका गोधडीत गुंडाळून एसटीनं भोसरीला नेल्या, मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं, "बाळ आहे का?" दादा म्हणाला, "हा." घरी आल्यावर स्वतःच हा किस्सा सांगून हसला. उजव्या कानात तोवर काही उरलं नव्हतं, डाव्यात होतं. दसऱ्याला जुळणी करायची, दिवाळीच्या आत चालू करायची, असं ठरलं.

आता ते सांगते.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कोयते, विळे, पाने, हातोडे, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू. त्या सकाळी औरंगपूरकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर शेतातच बंद पडला म्हणून दादा गेला. वहिनी देवाची भांडी चिंचेनं घासायला बसली होती. तिच्या मनात आलं की यंदा त्या खोक्याचीही पूजा करावी. इतक्या वर्षांचा तिचा राग संपला होता, तो तिला दाखवायचा होता. लिंबाचा ठिपका तिला आठवला. एवढ्या मोठ्या धुडाला लिंबं कुठं पुरणार? तिनं आंघोळीचं तांब्याचं घंगाळ अंगणात घेतलं, कढत पाणी ओतलं, आहे ती सगळी चिंच कोळून घातली, वर मूठमूठ मीठ, आणि दोन्ही फाका त्यात बुडवल्या.

मी दुपारी पोचले तेव्हा वहिनी घंगाळापाशी पाटावर बसली होती. पाणी उकळल्यासारखं वाजत होतं, खाली जाळ नव्हता. "वन्सं, या, या! किती मळ निघतोय बघा. सकाळधरनं फेस थांबंना. दोनदा पाणी बदाललं."

तांब्याचं भांडं, आंबट पाणी, मीठ आणि त्यात मॅग्नेशियम. शाळेत विजेचा घट शिकवताना आम्ही एवढा जोरदार कधी मांडला नसेल. नुसती चिंच असती तर तिनं एक वेळ वरवर खाल्लं असतं, पण तांबं आणि मीठ मिळून त्या धातूला आतून पोखरत होतं. मी बाह्या न सारताच हात घातला आणि एक फाक वर काढली. तासून आणलेल्या जागा बोटाला खरखरीत लागल्या, वाळवीनं खाल्लेल्या लाकडासारख्या. पोलादी बुशांच्या भोवती खड्डे पडले होते. एक बुश माझ्या हातात निघून आला.

"कसं चांदीवानी झालंय न्हाई?" वहिनी म्हणाली.

मी तिच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलं होतं मी. मला त्या क्षणी तिचा भयंकर संताप आला होता. बाई, विचारायचं तरी! पण तेवढ्यात दादाची मोटरसायकल आत आली. तो उतरला, घंगाळ पाहिलं, माझ्या हातातला बुश पाहिला, मग वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला होता, साडीचा पदर भिजलेला, हात चिंचेनं काळे. ती म्हणाली, "माझ्या सवतीला न्हाऊ घातलं आज."

दादानं फाक माझ्या हातातून घेतली. उन्हाला धरून फिरवून पाहिली. मग म्हणाला, "लई लख्ख झालं की गं."

त्यानं ती पाटावर ठेवू दिली. हळदकुंकू वाहू दिलं. संध्याकाळी मला गॅरेजात बोलावून सांगितलं, "तिला बोलायचं न्हाई. तू बी न्हाई आन् मी बी न्हाई."

"अरे पण दादा, तुझं सगळं…"

"जल्मात पहिल्यांदा हात लावला तिनं ह्याला," तो म्हणाला आणि पाठ फिरवून हत्यारं आवरायला लागला. त्याचे खांदे हलत होते. मी जवळ गेले नाही. त्याला ते चाललं नसतं.

पुढं काय काय केलं म्हणून सांगू. दुसरं धड शोधलं, गोव्याला एक सापडलं, ते मधोमध तडकलेलं. नारायणगावच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो तर त्यानं हातात घेऊन वजन पाहिलं आणि खाली ठेवलं. "हे पेटतं भाऊ. पाणी मारलं तर आणखी पेटतं. मला पोरंबाळं हायेत." बाहेरच्या देशातून मागवायचं तर महिने जाणार, आणि दादाच्या कानांना महिने नव्हते. शेवटी त्यानं तेच खाल्लेलं धड घेतलं. बेअरिंग सैल बसत होती, खाली पितळी पत्र्याचे तुकडे घालून ती घट्ट केली. गिऱ्हाईकाचं काम कुणी असं केलं असतं तर दादानं त्याला गॅरेजातून हाकललं असतं. हे तोच म्हणाला.

द्राक्षांचा हंगाम आला, ट्रॅक्टरची रांग लागली, पोटाचं काम सोडता येईना. डावा कानही उतरत गेला. कुकरची शिट्टी गेली, मग कुत्र्याचं भुंकणं गेलं. वहिनी हातवारे करून बोलायला शिकली. उन्हाळ्यात एका साध्या सकाळी तिचा फोन आला, "वन्सं, आज चालू करत्यात. या." मी मंचरहून मिळेल त्या जीपनं गेले.

वहिनीनं बेडकीला हार घातला होता आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली होती. ती लिंबं बघून मला पुन्हा तिडीक आली. दादा मला म्हणाला, "डाव्यात हाय अजून थोडं. सकाळी कावळा ऐकला." कानातलं मशीन नीट केलं, डिसमिस हातात घेतला आणि वहिनीला आत बसवून किल्ली फिरवायला सांगितली.

चालू झाली. खोकत, धूर सोडत, पण चालू झाली. क्षणभर लहानपणीचा तो आवाज अंगावर आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि त्याच्या खालून दुसरा आवाज वर आला. ठक, ठक, ठक. क्रँक सैल जागेत आपटत होती. रस्त्यावरनं जाणाऱ्यालाही कळलं असतं.

दादानं डिसमिसचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ डाव्या कानाला लावली, डोळे मिटले. आम्ही चकार शब्द काढला नाही. त्यानं मूठ उजव्या कानाला लावली. पुन्हा डाव्या. मग डोळे उघडले.

"कसं वाजतंय?" त्यानं विचारलं, नको तेवढ्या मोठ्यानं.

वहिनी खिडकीतून दोन्ही हात नाचवून हसली, "लई भारी! लई ग्वाड वाजतंय!" तिला काय कळणार, तिच्या दृष्टीनं वाजतंय म्हणजे चांगलंच. दादानं तिच्याकडे पाहून मान हलवली. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हसले हो, जीव एकवटून हसले. पण आम्ही एका आईच्या पोटचे. त्यानं माझा चेहरा हवा तेवढा वेळ वाचला, मग वाकून स्वतःच इंजिन बंद केलं.

"बास," तो म्हणाला. "ऐकलं."

"अवो, एवढ्यात का बंद केलं? राहू द्या की," वहिनी म्हणत होती. तो डिसमिस पुसत होता.

बेडकी त्यानंतर चालू झाली नाही. दादाला आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. गॅरेजचं शटर अर्धं वर असतं, त्याच्या खाली तो खुर्ची टाकून बसतो. लोक नारायणगावात दुसरीकडे जातात. कधी कुणी जुनं गिऱ्हाईक थांबून त्याच्या खांद्यावर हात ठेवतं. मी तासन् तास त्याच्याशेजारी बसते. बोललं तरी पोचणार कुठे?

या खंडेनवमीला गेले होते. वहिनी अंगणात देव घासत बसली होती. घंगाळ पालथं घालून वाळवलेलं. मला म्हणाली, "वन्सं, ह्यांना जरा खुणेनं सांगता का, ते खोकं यंदाबी काढून द्या म्हणावं. गेल्या साली कसं झालं व्हतं! आता पार काळं पडलं असंल."

मी म्हटलं, "राहू द्या वहिनी, कशाला उगाच." माझा आवाज चढला होता. दादानं काही ऐकलं नव्हतं, पण त्यानं तिच्या हातातला चिंचेचा गोळा पाहिला आणि तिचं बोट कुणीकडे आहे ते पाहिलं. तो उठला. गॅरेजात गेला. बराच वेळ आतून पान्यांचा आवाज येत होता. दुपार कलताना तो दोन्ही फाका छातीशी धरून बाहेर आला आणि वहिनीच्या पुढ्यात ठेवल्या. पालथं घातलेलं घंगाळही त्यानंच सुलटं केलं, पाणी ओतलं.

वहिनीनं चिंच कोळली, मीठ घातलं. पहिली फाक बुडताच पाणी फसफसायला लागलं. "बघा वन्सं, अजून मळ हाय," ती म्हणाली आणि दादाकडे बघून हसली. तोही हसला, आणि तिच्याशेजारी पाट ओढून बसला. त्या फेसाचा आवाज अंगणभर येत होता, संध्याकाळपर्यंत, आणि तो कशाचा आहे हे कळून ऐकणारी तिथं मी एकटीच होते.